टाकीचा जामीन

बाबालालचाचा कुठल्या भिंतीजवळून सरळ निघून गेले, असं मी कधी पाहिलं नाही. कचेरी असो, मशीद असो, कुणाचा गोठा असो, ते थांबायचे. उजवा हात उलटा करून भिंतीला लावायचे, क्षणभर तसाच ठेवायचे आणि मग ज्या कामाला आले असतील ते बोलायचे. उलटा हात अशासाठी की, तळव्याला काही कळतच नसे. चाळीस वर्षं चुन्यात हात घालून तळव्यांची कातडी वहाणेच्या तळासारखी झाली होती. ओल कळायची ती हाताच्या पाठीला. नगरपालिकेत नव्यानं आलेल्या माणसाला वाटायचं, हा म्हातारा इमारतीला नमस्कार करतोय.

मी त्या काळात कृष्णाकाठच्या एका लहान गावच्या नगरपालिकेत बांधकामाच्या टेबलावर कारकून होतो. आमचं कोर्ट साताऱ्याला आणि मोठी खरेदी सांगलीला. गावाचं नाव सांगत नाही. ज्यांच्याविषयी सांगायचं आहे त्यांची मुलंबाळं अजून तिथं आहेत आणि मला त्या गावात अजून जेवायला जायचं असतं.

चाचांची चुन्याची भट्टी ओढ्यापलीकडं होती आणि भट्टीला लागूनच दोन खणांचं घर. चुनखडी भाजायची, तिच्या झालेल्या कळ्या पाण्यात विरवायच्या, आणि मग वाळू घालून तो चुना बैलानं ओढायच्या दगडी चाकाच्या घाणीत दळायचा, हा त्यांचा धंदा. घाणीचे फेरे ते मोजत. एका घाण्याला किती फेरे हे त्यांचं ठरलेलं होतं आणि मोजताना कुणी हाक मारली तर ओ देत नसत. मोजणी चुकली तर पहिल्यापासून मोजत. बैलाला हे मान्य होतं, जैनबचाचीला नव्हतं. ती म्हणायची, "ह्येंच्या मोजन्यात माझा स्वयंपाक रोज करपतुया."

दळलेल्या चुन्याचा कण ते जिभेवर ठेवून बघत. डोळे मिटून, सोनार कस बघतो तितक्या गंभीरपणानं. मग थुंकून म्हणायचे, "बसंल," नाहीतर, "कच्चा हाय." कच्चा म्हटला की तो चुना राजालाही मिळायचा नाही. सिमेंटला ते विलायती राख म्हणत. माणूस भला होता, पण या एका बाबतीत अत्यंत हेकट आणि गर्विष्ठ होता, हे मी आधीच सांगून टाकतो. पुढं जे घडलं त्यात भलेपणा किती आणि हेका किती, हे मला आजवर नीट वेगळं करता आलेलं नाही.

आमचे नगराध्यक्ष अण्णासाहेब यांनी एकदा याचा अनुभव घेतला होता. त्यांच्या घरी मुलीचं लग्न निघालं, माडीचा गिलावा घाईनं उरकायचा होता. त्यांनी गाडी पाठवली. चाचांनी गाडी रिकामी परत पाठवली. अण्णासाहेब स्वतः भट्टीवर आले.

"बाबालाल, मला चुना नाही म्हणतोस?"

"चुना हाय की. पर भिजलेला न्हाई. अजून पंधरा दिस पायजेत त्येला."

"लग्न बारा दिवसांवर आलंय."

"मग लगीन फुडं ढकला," चाचा म्हणाले. थट्टेनं नव्हे, अगदी मनापासून. अण्णासाहेबांनी दुसरीकडून चुना आणला. लग्नाच्या मांडवात पाहुणे बसले असताना माडीच्या भिंतीला फोड येऊन टवके पडू लागले. अण्णासाहेब ते विसरले नाहीत, आणि चाचांनीही विसरू दिलं नाही. त्या घरावरून जाताना ते दर वेळी थांबून भिंतीला हात लावायचे.

टाकीची गोष्ट दुसरी मोठी लढाई ऐन भरात होती तेव्हाची. गावात नळ आणायचं ठरलं. नदीवर इंजिन बसवायचं, टेकाडावर दगडी टाकी बांधायची आणि तिथून पाणी खाली सोडायचं. टाकीचं कंत्राट ग्यानू गवंड्यानं घेतलं. ग्यानू चाचांच्याच हाताखाली चुना कालवायला शिकलेला, पुढं हिकमतीनं कंत्राटदार झालेला. नियमाप्रमाणं कंत्राटदारानं जामीन द्यायचा असतो. काम अर्धवट टाकलं तर जामीनदारानं ठरलेली रक्कम नगरपालिकेला भरायची. ग्यानूनं चाचांना आणून माझ्यापुढं उभं केलं.

मी जामीनकतबा, म्हणजे जामिनाचा कागद, वाचून दाखवला. घर आणि भट्टी तारण होती. चाचांनी हात उलटा करून माझ्या टेबलामागच्या भिंतीला लावला आणि विचारलं, "म्हंजी ह्येनं काम टाकलं तर मी पुरं करायचं. व्हय ना भाऊसायेब?"

"तसं नाही चाचा. रक्कम भरायची."

"ते रकमेचं तुमचं तुमी लिवा. मी कामाला जामीन हाय."

मी हसलो आणि शाईचं पॅड पुढं केलं. त्यांना सही येत नव्हती, अंगठा घ्यायचा होता. अंगठा उमटला तो नुसता काळा ठिपका. रेषा नावाची गोष्ट चुन्यानं कधीच खाऊन टाकली होती. पुसून पुन्हा घेतला, तिसऱ्यांदा घेतला, तोच गोळा. शेवटी डाव्या हाताच्या करंगळीला दोनचार रेषा सापडल्या, त्या घेतल्या. त्या कागदावर तीन ठिपके आणि एक करंगळी आहे. इतका कुरूप दस्तऐवज माझ्या हातून दुसरा झाला नाही.

टाकी कमरेवर आली आणि सिमेंट मिळेनासं झालं. सगळं सिमेंट लष्कराकडं. भाव चढले, मजूर पळाले. त्यातच तिकडं देवळालीला बराकी बांधायचं काम निघालं आणि रोख पैसे मिळू लागले. एका सोमवारी ग्यानू कामावर आला नाही. मंगळवारी कळलं की तो बायकामुलांसकट देवळालीला गेला. गावानं त्याला शिव्या घातल्या. चाचा एवढंच म्हणाले, "त्येला बी प्वाट हाय." पण त्या दिवशी घाणीचे फेरे त्यांना दोनदा पहिल्यापासून मोजावे लागले, असं चाची म्हणाली.

नगरपालिकेनं जामीनदाराला नोटीस काढली. मीच लिहिली. नोटीस मिळाल्यावर चाचा कचेरीत आले ते थेट अण्णासाहेबांपुढं.

"तुमाला टाकी पायजे का पैसं पायजेत?"

"टाकी पाहिजे. पण काम तुझं नाही. तू रक्कम भर, आम्ही दुसरा कंत्राटदार बघतो."

"मी बांधतो की. कामाला मी जामीन हाय."

"करारात सिमेंट लिहिलंय."

"मग आना सिमेंट."

अण्णासाहेब तरी सिमेंट कुठून आणणार? "मी चुन्यात बांधतो," चाचा म्हणाले. "इटांची सुरखी कुटून घालतो, हिरड्याचं पानी घालतो. माझ्या आज्यानं बांधलेल्या हौदातनं अजून थेंब बाहीर येत न्हाई."

"आणि गळली तर? गावाचा पैसा आहे बाबालाल, माझ्या घरचा नाही." अण्णासाहेब हे खरंच बोलत होते. त्यांनी नगरपालिकेच्या पैशानं कधी पानसुद्धा खाल्लं नाही. पण बोलताना त्यांच्या डोळ्यांपुढं ती फोड आलेली माडी नव्हती, असं मी शपथेवर सांगू शकणार नाही.

प्रकरण साताऱ्याला कोर्टात गेलं. रक्कम एवढी होती की घर आणि भट्टी दोन्ही विकल्याशिवाय भागली नसती. चाचीनं मला रस्त्यात गाठून विचारलं, "भाऊसायेब, हे म्हनत्यात, घर गेलं तर भट्टीत ऱ्हाऊ. भट्टी बी लिवून दिलीया, हे इसरलं का काय हे?" मी काहीतरी गुळमुळीत बोललो. तिच्या डोळ्यांकडं बघवेना.

आणि मग चाचांच्या वकिलांनी एक मुद्दा शोधून काढला. काम चालू असताना टाकीची भिंत मूळ आराखड्यापेक्षा तीन फूट उंच करायचं ठरलं होतं. ओव्हरसियरच्या सूचनेवरून कमिटीत तसा ठराव झाला, ग्यानूनं पुरवणी करारावर सही केली. कराराच्या कामात असा फरक करताना जामीनदाराची संमती घ्यावी लागते, नाहीतर जामीनदार मोकळा होतो. चाचांची संमती कागदावर नव्हती. ती घ्यायची राहिली होती, आणि राहिली होती ती माझ्या हातून. पुरवणीचा कागद बाजारच्या दिवशी आला, चाचा भट्टीवर होते, उद्या बघू म्हणून मी तो फायलीत खोचला आणि खोचलेलाच राहिला.

अण्णासाहेबांनी मला आत बोलावलं. काय बोलले ते लिहीत नाही. पगारवाढ थांबली, एवढं पुरे. पण खरं सांगू? टेबलाशी परत येऊन बसलो तेव्हा मला आतून बरं वाटत होतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी पुष्कळ चुका केल्या, पण जिच्यामुळं कुणाचं घर वाचणार होतं अशी चूक ती एकच.

तारखेला मी दप्तर घेऊन साताऱ्याला गेलो. चाचा धुतलेला पटका बांधून आले होते. साक्षीच्या पिंजऱ्यात चढण्याआधी त्यांनी कोर्टाच्या भिंतीला उलटा हात लावला. पट्टेवाला ओरडला. चाचा म्हणाले, "वल हाय हितं," आणि वर चढले.

त्यांच्या वकिलांनी विचारलं, "टाकीची भिंत तीन फुटांनी वाढवली, तेव्हा नगरपालिकेनं तुम्हाला विचारलं होतं का?"

"न्हाई."

वकील समाधानानं खाली बसू लागले.

"त्ये मला काय इचारनार?" चाचा पुढं म्हणाले. "मीच सांगितलं व्हतं."

वकील अर्धवट बसलेले तसेच राहिले. न्यायाधीशांनी लेखणी थांबवली. "काय सांगितलं होतं?"

"ग्यानूला मी म्हनलं, हाय ह्या उंचीवर पानी वरच्या गल्लीत चढायचं न्हाई. त्या बाया ती घागर डोक्यावर घिऊन चढत्याल ती चढतच ऱ्हात्याल. माझी आई चढायची. तीन फूट वर घ्या म्हनलं. ग्यानूनं वरशेरला सांगितलं, वरशेरनं कमिटीला सांगितलं. अंगठा घ्यायचा ऱ्हायला त्यो ह्या भाऊसायबांच्या हातनं ऱ्हायला. त्येचा काय दोस न्हाई, माझा अंगठा उमटत बी न्हाई."

कोर्टात दोघेतिघे हसले. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "तुम्ही हे बोलताय त्यानं तुमचं घर जाऊ शकतं, कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय की सायेब. पर भित मीच वाढीवली न्हवं?"

दुपारी बाहेर झाडाखाली वकील चाचांवर भडकले. "अहो, तुम्हाला एवढं कुणी विचारलं होतं?"

"तुमीच इचारलं," चाचा म्हणाले.

मी बाजूला उभा होतो. मला चाचांचा राग आला होता. एवढा आयता मोकळा होणारा माणूस स्वतःच्या हातानं परत अडकला, आणि जाता जाता माझा दोषही माफ करून गेला. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटत होतं आणि त्यांना गदागदा हलवावंसंही वाटत होतं.

न्यायाधीशांनी मात्र निकाल लगेच दिला नाही. दोन्ही वकिलांना बोलावून म्हणाले, हा माणूस काम पुरं करायला तयार आहे, तर बाहेर बसून काही जमतं का बघा. कोर्टाच्या व्हरांड्यात बोलणं झालं. अण्णासाहेबांनी अट घातली. टाकी चुन्यात पुरी करा, तीन फूट वाढीव धरून. मग काठोकाठ भरून चाळीस दिवस ठेवू. बाहेरून ओल दिसली आणि चाळिसाव्या दिवशीही राहिली, तर घर आणि भट्टी नगरपालिकेची, पुन्हा कोर्ट नाही, तक्रार नाही.

"मला फकस्त घाई करायची न्हाई," चाचा म्हणाले. बाकी सगळ्याला त्यांनी मान हलवली. तडजोडीच्या कागदावर मी या वेळी सुरुवातीलाच करंगळी घेतली.

टाकी पुरी व्हायला सात-आठ महिने लागले. दोन गवंडी, चाचा आणि घाणीवर चाची. चाची मोजायला शिकली होती. गिलावा झाल्यावर चाचांनी तो वाळू दिला नाही, पोती ओली करून झाकून ठेवला आणि दिवाळी होईपर्यंत टाकीत पाणी सोडू दिलं नाही. अण्णासाहेब रोज माणूस पाठवायचे, माणूस रोज तेच उत्तर घेऊन यायचा.

पाणी भरलं. दहा दिवस भिंत कोरडी. अकराव्या दिवशी उत्तरेच्या बाजूला, जिथं ग्यानूचं सिमेंट संपून चाचांचा चुना सुरू होत होता तिथं, तळहाताएवढी ओल दिसली. तासाभरात अर्धं गाव टेकाडावर. अण्णासाहेब काठी टेकत आले. त्यांनी कोळसा मागवला आणि ओलीभोवती स्वतःच्या हातानं वर्तुळ काढलं. दोन दिवसांनी ओल वर्तुळाबाहेर आली. त्यांनी दुसरं वर्तुळ काढलं.

"घाम हाय त्यो," चाचा म्हणाले. "चुना आदी पानी पितो, मग भोक बुजिवतो. त्येला येळ द्या."

कुणी विश्वास ठेवला नाही. मीही नाही. त्यांचा स्वतःचा होता का, हे मला सांगता येणार नाही, कारण ते पहाटे यायचे, दुपारी यायचे, दिवेलागणीला यायचे, आणि हात लावून झाल्यावर कुणाशी न बोलता उतरायचे. एकदा मी चाचांच्या घरी गेलो तर भांड्यांची दोन बोचकी दारात बांधून ठेवलेली. चाची म्हणाली, "आयत्या येळंला पळापळ नको." चाचा घाणीपाशी बसून बैलाला चारा घालत होते. त्यांनी बोचक्यांकडं पाहिलं नाही. मला म्हणाले, "भाऊसायेब, म्या हिच्यापायी तरी कोर्टात गप बसाया पायजे व्हतं का वो?" त्यांना उत्तर नको होतं की हवं होतं, मला कळलं नाही. मी गप्प बसलो, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

सव्विसाव्या की सत्ताविसाव्या दिवशी आतल्या वर्तुळातली ओल फिकी दिसू लागली. तिसाव्या दिवशी अण्णासाहेबांनी भिंतीला तळवा लावून पाहिला.

"तसं न्हाई," चाचा म्हणाले. "उलटा लावा."

अण्णासाहेबांनी हात उलटा करून लावला. बराच वेळ ठेवला. भिंत कोरडी होती. जिथून पाणी येत होतं तिथं पांढऱ्या दोऱ्याएवढी एक रेघ धरली होती, बस्स. चाळीस दिवस पुरे झाल्यावर वरच्या गल्लीचा नळ अण्णासाहेबांनी स्वतः उघडला आणि त्या वेळी चाचांना पुढं बोलावलं. चाचा पुढं गेले नाहीत, ते वर टाकीच्या मागं भिंतीला हात लावून उभे होते.

जामीनकतबा रद्द केल्याचा शेरा मारून मी तो कागद परत द्यायला भट्टीवर गेलो. चाची रडली. चाचांनी कागद उजेडात धरून आपले तीन ठिपके बघितले आणि परत माझ्या हातात दिला.

"ह्यो न्या."

"चाचा, संपलं आता. हा कागद तुमचा आहे."

"चाळीस दिस तुमचं व्हतं. टाकी काय चाळीस दिसांसाठी बांधली?"

मला वाटलं, म्हाताऱ्याची तऱ्हा. रद्द झालेला दस्त कचेरीत ठेवायला जागा नव्हती, मी घरी ट्रंकेत टाकला. पुढं वर्षभरात मला सांगलीला दुसरी नोकरी लागली आणि गाव सुटलं.

मध्ये स्वराज्य आलं. चाची गेल्याचं कुणाकडून तरी कळलं. एकदा बाजारच्या दिवशी काही कामानं मी त्या गावी उतरलो, तेव्हा आठवणीनं तो कागद बरोबर घेतला होता. भट्टी विझलेली होती. शेजारच्या माणसानं टेकाडाकडं बोट दाखवलं.

चाचा टाकीशी होते. डोळे चुन्यानं जवळजवळ गेलेले. उजवा हात उलटा करून भिंतीला लावलेला, आणि एकेक पाऊल टाकत ते टाकीभोवती चालले होते. पुटपुटत होते. मी हाक मारली, ओ दिली नाही. जवळ गेलो तेव्हा कळलं की पावलं मोजताहेत. मी थांबलो. फेरा पुरा झाल्यावर ते म्हणाले, "कोन, भाऊसायेब? सांगलीचं पानी मानवलं जनू तुमाला."

मी कागद काढून त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो चाचपला, ओळखला, आणि डोळे नसलेल्या माणसाच्या अंदाजानं माझा खिसा शोधून परत त्यात सरकवला.

"चाचा, आता तरी घ्या. कधीच सुटला हा जामीन."

त्यांनी माझा हात धरला, उलटा केला आणि भिंतीला टेकवला. दगड आतल्या पाण्यानं गार लागत होता, पण कोरडा होता. खाली वरच्या गल्लीत नळावर बायका भांडत होत्या, ते इथवर ऐकू येत होतं.

"आत पानी हाय का न्हाई?"

"आहे."

"मग सुटला कसा?" असं म्हणून त्यांनी माझा हात सोडला आणि पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.